मुलागणिक प्रश्न

परीक्षा म्हटली की सर्वांस एक प्रश्नपत्रिका, सर्वांस एक वेळ आणि सर्वांस एकच माप, अशी आमच्या समाजाची दीडशेहून अधिक वर्षांची समजूत आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी होत. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या कुळावरून व वशिल्यावरून ठरत असे, तेथे उत्तरपत्रिका कोणाची आहे हे न पाहता ती तपासली जावी, ही लहानसहान सुधारणा नव्हे. तेव्हापासून न्याय म्हणजे समान वागणूक, आणि समान वागणूक म्हणजे एकच कागद, हे समीकरण आमच्या मनात पक्के बसले, त्यात नवल नाही.

परंतु या समीकरणास एक छिद्र आहे. ज्या मुलास त्या कागदावरील एकही प्रश्न सुटत नाही, त्याच्याविषयी तो कागद काय सांगतो? शून्य. हे शून्य कशाचे आहे, याचा उलगडा होत नाही. मुलास हातच्याची वजाबाकी येत नाही, की प्रश्नच वाचता येत नाही? उत्तर ठाऊक असून लिहिता येत नाही, की गुरुजींचा आवाज कानापर्यंत पोचत नाही? एकाच शून्याच्या पोटात अशी निरनिराळी चार मुले लपलेली असतात, आणि त्या चौघांस शिकविण्याचे उपायही चार असतात. म्हणजे ज्यांच्याविषयी शिक्षकास सर्वांत अधिक माहिती हवी, त्यांच्याविषयी सर्वसामान्य परीक्षा सर्वांत कमी माहिती देते.

अलीकडे यावर संगणकाचा एक उपाय पुढे आला आहे. त्यास संगणकीय अनुकूली चाचणी असे म्हणतात. नाव बोजड असले तरी कल्पना सोपी आहे. मोल्सवर्थच्या कोशात एखादा शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचीत सुटत नाही. मध्येच कोठे तरी कोश उघडतो, शब्द पुढे आहे की मागे आहे हे पाहतो आणि त्या बाजूस वळतो. अनुकूली चाचणीत संगणक मुलाची पातळी अशाच रीतीने शोधतो. मध्यम कठीण प्रश्नापासून आरंभ करावयाचा. उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न किंचित अवघड, चुकले तर किंचित सोपा. प्रत्येक उत्तरागणिक यंत्र आपला अंदाज सुधारीत जाते आणि तो पुरेसा पक्का झाला की थांबते. दोन मुले शेजारी बसली तरी त्यांचे प्रश्न एकच असतीलच असे नाही. तरीही दोघांचे निकाल एकाच मोजपट्टीवर वाचता येतात.

ही युक्ती संगणकाबरोबर जन्मास आली, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. ती शंभराहून अधिक वर्षांची आहे, आणि महत्त्वाची गोष्ट ही की, तिचा जन्म मागे पडलेल्या मुलांच्या निमित्ताने झाला. हा इतिहास आम्हां मराठी वाचकांस दूरचाही नाही. त्याचे एक प्रकरण जुन्या मुंबई इलाख्यात, आपल्याच भाषेत घडले आहे.

1904 साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सर्व थरांतील मुले शाळेत आली होती आणि त्यांतील काहींना वर्गाबरोबर चालता येत नव्हते. अशी मुले ओळखावी कशी, हा प्रश्न होता. केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबले तर खोडकर मूल मंद ठरण्याची आणि मुकाट बसणारे मंद मूल तसेच सुटून जाण्याची भीती होती. समितीतील एक सभासद आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमों या तरुण वैद्याच्या साहाय्याने 1905 साली सोप्यापासून कठिणापर्यंत चढत जाणारी 30 कृतींची एक श्रेणी तयार केली. 1908 साली त्यांनी या कृती वयवार लावल्या: तीन वर्षांच्या सामान्य मुलास काय जमते, चार वर्षांच्या मुलास काय जमते, याप्रमाणे तेरा वर्षांपर्यंत. याच श्रेणीत अनुकूली चाचणीचे बीज आहे. परीक्षकाने मुलास सर्व प्रश्न विचारावयाचेच नाहीत. ज्या वयाच्या सर्व कृती त्यास जमतात तो पाया, व जेथे एकही जमत नाही ते शिखर. या दोहोंमधील मुलूखच काय तो चाचपावयाचा.

बिने महाशयांचा हेतू येथे ध्यानात ठेवला पाहिजे. मुलाची बुद्धी ही जन्मतः मिळालेली व कधी न बदलणारी ठेव आहे, असे मानणाऱ्यांचा त्यांनी 1909 सालच्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला. अवधान, स्मरण व निर्णयशक्ती ही अभ्यासाने वाढविता येतात, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी मानसिक व्यायामाचा एक क्रमही सुचविला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी खास वर्ग काढण्याचा कायदा झाला. माप घ्यावयाचे ते मुलास काही देता यावे म्हणून, असा हा विचार होता. 1911 साली बिने वारले.

त्यांच्या हयातीतच त्यांचे माप अटलांटिक ओलांडून गेले होते. हेतू मात्र अलीकडेच राहिला. हेन्री गॉडर्ड यांनी ते न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत नेले आणि त्यावरून माणसांच्या पायऱ्या पाडून त्यांस नावे चिकटविली. 1916 साली लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्ड येथे त्याची सुधारलेली आवृत्ती काढली व बुद्ध्यंक हा शब्द घरोघर गेला. 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरविला, त्या खटल्यात एका तरुणीचे मानसिक वय हा पुराव्याचा भाग होता. ज्या मोजपट्टीने मुलास खास वर्ग द्यावयाचा, तिनेच एका स्त्रीचे मातृत्व हिरावून घेतले. पट्टीवरील आकडे तेच होते. ती कोणाच्या हाती आहे आणि मोजल्यानंतर काय करावयाचे आहे, एवढाच फरक पडला होता.

दुसरीकडे या पद्धतीचे अनुकूलपणही नाहीसे झाले. एका वेळी एक मूल आणि त्याच्यापुढे एक जाणता परीक्षक, ही रीत खर्चाची व सावकाशीची. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सतरा लाखांहून अधिक सैनिकांची चाचणी घ्यावयाची होती. तेथे एकच छापील पत्रिका शेकडो लोकांस एकदम देण्याची प्रथा पडली आणि युद्धानंतर तीच शाळांत शिरली. समोरच्याकडे पाहून पुढचा प्रश्न ठरविण्याची कला दवाखान्यांपुरती आणि खास शाळांपुरती उरली.

हिंदुस्थानात या श्रेणीचा पहिला मोठा अवतार लाहोर येथे झाला. फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी 1920 च्या दशकात तिचे हिंदुस्थानी रूप सिद्ध केले. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम धारवाड येथे झाले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-श्रेणीची नवी घडण केली. या कामाचा वृत्तांत 1934 साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि 1940 साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. जो प्रश्न पॅरिसच्या सहा वर्षांच्या मुलास सोपा, तो धारवाडच्या सहा वर्षांच्या मुलास सोपा असेलच असे नाही; नाणी वेगळी, घरातील वस्तू वेगळ्या, शब्दांची घडण वेगळी. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांवर पारखून त्याची पायरी नव्याने ठरवावी लागते. डॉ. कामतांनी हे काम हजारांहून अधिक मुलांवर केले.

या कसोटीत तीन ते दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वयास सहा कृती आहेत, आणि प्रत्येक कृतीस दोन महिन्यांचे श्रेय मिळते. आठ वर्षांचा एक मुलगा घ्या. पाच वर्षांच्या साऱ्या कृती त्यास जमल्या, सहाच्या चार जमल्या, साताच्या दोन जमल्या आणि आठाची एकही जमली नाही. तर त्याचे मानसिक वय पाच वर्षे, अधिक आठ महिने, अधिक चार महिने, म्हणजे सहा वर्षे, बुद्ध्यंक 75. या मुलास कसोटीतील बहुतेक प्रश्न विचारलेच गेले नाहीत. जे विचारले ते त्याच्या आवाक्याच्या आसपासचे होते. शिवाय परीक्षक समोर बसलेला असल्यामुळे मूल थकले आहे, घाबरले आहे, की त्यास ऐकू आले नाही, हे त्यास दिसते. संगणकावाचून झालेली अनुकूली चाचणी ती हीच.

बिने-कामत कसोटी आजही अनेक दवाखान्यांत व खास शाळांत वापरली जाते, ही तिच्या कर्त्याची थोरवी खरी; परंतु तिच्यात एक धोकाही दडलेला आहे. पिढ्यांगणिक मुलांची अशा कसोट्यांतील कामगिरी वाढत जाते, हे जेम्स फ्लिन यांनी 1984 साली अमेरिकेतील आकड्यांवरून दाखवून दिले. ही वाढ दर दशकास सुमारे तीन गुणांची होती. अशी वाढ जेथे झाली असेल तेथे जुन्या पट्टीने मोजलेले मूल आहे त्याहून पुढे दिसते, आणि ज्यास साहाय्य मिळावयास हवे ते मूल मर्यादेच्या पलीकडे पडून वंचित राहते. मोजपट्टी वेळोवेळी पारखून घेणे हे सरकारी काट्यावरील वजने तपासण्याइतकेच अगत्याचे आहे. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मॅलिन यांनी 1969 च्या सुमारास वेक्स्लरच्या कसोटीची भारतीय घडण केली, ती या दिशेने पडलेली आणखी एक पायरी होय.

मुलागणिक प्रश्न निराळे असतील तर त्यांची तुलना कशी करावी, हा कूटप्रश्न मात्र बिने व कामत यांच्या काळी पुरता सुटला नव्हता. तो सुटला डेन्मार्कमध्ये, आणि तेथेही निमित्त झाली ती वाचनात मागे पडलेली मुलेच. 1950 नंतरच्या वर्षांत गेओर्ग राश या गणितज्ञापुढे अशा मुलांच्या वाचनाची माहिती आली. वेगवेगळ्या इयत्तांत या मुलांनी वेगवेगळे उतारे वाचले होते; तेव्हा त्यांची प्रगती झाली की नाही हे सांगावे कसे? राश यांनी मुलाची क्षमता आणि उताऱ्याची कठिणता या दोन गोष्टी गणिताने एकमेकींपासून वेगळ्या काढल्या. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने ही रीत जगापुढे आली. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी अशाच विचारावर प्रत्येकाच्या मापाच्या चाचणीचे गणित 1970 च्या सुमारास मांडले, मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड वाइस यांनी ती संगणकावर उतरविली, आणि 1990 नंतर तेथील परिचारिकांच्या परवाना परीक्षेपासून विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांपर्यंत तिचा प्रसार झाला. वेल्समध्ये 2018 पासून शाळकरी मुलांसाठी अशा चाचण्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या.

येथपर्यंतचा इतिहास पाहिला म्हणजे एक विसंगती डोळ्यांत भरते. ज्या मुलांच्या अडचणीतून ही विद्या दोनदा निघाली, तीच मुले तिच्या प्रसारात मागे राहिली. संगणकीय चाचणीचा त्यांस लाभ होण्याजोगा आहे, यात शंका नाही. निम्म्याच्या आसपास प्रश्नांत काम भागते, म्हणून लवकर थकणाऱ्या मुलास ती सोसते; न सुटणाऱ्या प्रश्नांची रांग पुढे येत नाही, म्हणून ते हिरमुसले होत नाही; अक्षर मोठे करता येते, प्रश्न वाचून ऐकविता येतो.

परंतु यंत्राचे गणित एक गोष्ट गृहीत धरते: ज्यास अवघड प्रश्न येतो त्यास सोपा बहुधा येणारच. सर्वसामान्य मुलांच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरे आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत नेमके तेच अनेकदा खोटे ठरते. ज्यास अंकांची उलटापालट होते असा मुलगा दोन आकड्यांची बेरीज चुकेल आणि प्रमेयाचा युक्तिवाद बिनचूक सांगेल. पहिल्या काही सोप्या प्रश्नांत तो चुकला की यंत्र त्यास खाली नेते, आणि प्रमेयापर्यंत तो पोचतच नाही. अशा बहुतेक चाचण्यांत मागे वळून उत्तर सुधारण्याची मुभा नसते, हीदेखील उतावळ्या किंवा घाबरट मुलास अडचणच. अंध मुलास आकृतीचा प्रश्न बोलून दाखवावा तर तो प्रश्न तोच राहत नाही. वाचनाच्या चाचणीत उतारा ऐकवावा तर वाचनाचे माप होत नाही, श्रवणाचे होते. आणि प्रश्नपेढीतील प्रश्नांची कठिणता ज्या मुलांवर ठरविली त्यांत अशी मुले नसतील, तर यंत्राची मोजपट्टी त्यांच्यापुरती कोरीच असते.

याहून खोल असा एक वाद अमेरिकेत झाला. 2002 साली अमलात आलेल्या तेथील शिक्षणकायद्याने प्रत्येक मुलाची चाचणी त्याच्याच इयत्तेच्या पातळीवर घ्यावी, असा आग्रह धरला; त्यामुळे आठवीतील मुलास चौथीचे प्रश्न विचारणाऱ्या अनुकूली चाचण्या अडचणीत आल्या. वरवर पाहता हा हट्ट दिसतो. पण त्यामागील भीती खोटी नव्हती: दिव्यांग मुलांस चौथीचेच प्रश्न विचारले की शाळा त्यांस चौथीचेच शिकवील, आणि ती आठवीत आहेत हे सर्वजण विसरतील. 2015 च्या कायद्याने मार्ग काढला तो असा की, मूल आपल्या इयत्तेच्या मानाने कोठे आहे हे मोजलेच पाहिजे. त्याखेरीज खाली किंवा वर जाऊन पाहण्यास हरकत नाही. मुलाची खरी पातळी शोधणे हा दयाळूपणा आहे. तेथेच त्यास ठेवून देणे हा अन्याय आहे.

आता आपल्याकडे वळू. 1996 साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा मार्ग खुला केला. देशात असे करणारे हे पहिले राज्य. या मुलांस जादा वेळ मिळू लागला, लेखनिक मिळू लागला, शुद्धलेखनाच्या चुकांची गय होऊ लागली, आणि बीजगणित व भूमिती यांच्याऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व कार्यानुभव घेण्याचीही सोय झाली. ही शेवटची सवलत म्हणजे एका अर्थी अनुकूली परीक्षाच. फरक इतकाच की ती यंत्राने नव्हे, शासननिर्णयाने दिली. केंद्राच्या 1995 च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. तो 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र वीस वर्षे पुढे होता. येथे मापाच्या शेवटी कलंक न येता हक्क आला, ही बिने महाशयांच्या मूळ हेतूस साजेशी गोष्ट घडली.

तथापि हा हक्क हाती येण्याची वाट लांबची आहे. आम्ही राहतो ते दहिसर मुंबईचे उत्तर टोक. येथील मुलास शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता केंद्रात न्यावयाचे तर पश्चिम रेल्वेने दादर, तेथे जिना चढून मध्य रेल्वे, मग शीव. तेथे डोळे व कान तपासावयाचे, बुद्धीची कसोटी द्यावयाची, अभ्यासाची कसोटी द्यावयाची. हे एका दिवसात उरकत नाही, आणि घाईने उरकूही नये. ज्या आईस रोजगार बुडवून या खेपा घालाव्या लागतात, तिचे मूल अध्येमध्ये सुटते. हातावर पोट असलेल्या घरांत अध्ययन अक्षमता कमी आहे असे नाही; तेथे ती मोजली जात नाही, एवढेच. शाळेतच अर्ध्या तासात प्राथमिक चाळणी करणारी अनुकूली चाचणी मराठीत सिद्ध झाली, तर तिचा खरा उपयोग दहिसरसारख्या टोकाच्या वस्त्यांस होईल. कोणास शीवपर्यंत नेणे अगत्याचे आहे, इतके तरी शिक्षकास कळेल.

याची पूर्वतयारी अगदीच नाही असे नव्हे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली वाचनदोष ओळखण्याची 'डाली' नामक साधने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत प्रसिद्ध केली. धारवाडच्या मराठी-कन्नड जोडीची येथे सहज आठवण होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या मूल्यमापनाची साधने सुचविण्याचे काम 'परख' या केंद्राकडे सोपविले आहे. उलट आमची शालान्त परीक्षा आजही कागदावर होते. आणि राज्याची अभियांत्रिकी व औषधनिर्माण यांची प्रवेशपरीक्षा संगणकावर होत असली तरी ती अनुकूली नाही, पडद्यावर आलेली जुनीच छापील पत्रिका आहे.

पुढे जेव्हा केव्हा मराठीत अशी चाचणी रचली जाईल, तेव्हा इतिहासाच्या या तीन गोष्टी विसरल्या जाऊ नयेत, असे आम्हांस वाटते. पहिली, डॉ. कामतांप्रमाणे प्रश्न येथील मुलांवर पारखावेत, आणि त्यांत अंध, कर्णबधिर व अध्ययन अक्षमता असलेली मुले आरंभापासून असावीत. इमारत बांधून झाल्यावर बाहेरून जोडलेल्या उतरंडीसारखी त्यांची सोय होऊ नये. दुसरी, यंत्राने मूल खाली नेले तर का नेले, हे पाहणारा एक जाणता शिक्षक जवळ असावा आणि यंत्राचा निकाल फिरविण्याचा अधिकार त्यास असावा. तिसरी, ज्या शाळेत चाचणी पोचेल तेथे तिच्या मागोमाग विशेष शिक्षकही पोचावा. तो येणार नसेल तर मुलाच्या नावापुढे एक आकडा तेवढा वाढेल, आणि आकड्यांनी मुलाचे काय होऊ शकते ते व्हर्जिनियाच्या खटल्यात जगाने पाहिले आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी असे एखादे मूल असेल, जे बोलते चतुराईने आणि लिहिते वेडेवाकडे. त्यास आळशी म्हणून टाकण्यापूर्वी त्याचे माप घेण्याची खटपट करावी, आणि माप घेतल्यावर शाळेस एकच गोष्ट विचारावी: आता यास उद्या काय शिकविणार?